चिठ्ठ्यांचा अभ्यास: औषधांच्या विवेकी वापरासाठी प्रिस्क्रिप्शन कसं तपासावं

"हल्ली डॉक्टर फार औषधं लिहून देतात" हे रुग्ण म्हणतात, मेडिकलवाले म्हणतात आणि डॉक्टर मंडळी एकमेकांबद्दलही म्हणतात. अशा बोलण्याने एकही गोळी कमी होत नाही. आपल्या दवाखान्यात सरासरी किती औषधं लिहिली जातात, साध्या सर्दीच्या शंभर रुग्णांपैकी कितींना अँटिबायोटिक मिळतं, जुलाब झालेल्या किती मुलांना ओआरएस आणि झिंक दोन्ही मिळतात, हे मोजून टेबलावर ठेवलं की मात्र बोलणं बदलतं. तेव्हा डॉक्टर स्वतःच विचारतात, "हे असं का होतंय?"

हा लेख ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ट्रस्टच्या दवाखान्यात असा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. वैद्यकीय अधिकारी, फार्मासिस्ट, फार्मसीचे आणि एमबीबीएस-एमडीचे विद्यार्थी, आरोग्य क्षेत्रातले कार्यकर्ते, कुणालाही तो करता येतो. महागडं काही लागत नाही. छापील फॉर्म, एक्सेल आणि चिकाटी एवढं पुरतं. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. अभ्यास विवेकी वापरासाठी करायचा असेल, तर निकाल चिठ्ठी लिहिणाऱ्यापर्यंत परत गेला पाहिजे आणि त्यानंतर पुन्हा मोजणी झाली पाहिजे. प्रबंध बांधून ग्रंथालयात ठेवला म्हणजे काम संपलं, असं मी मानत नाही.

थोडी पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये आवश्यक औषधांची पहिली यादी काढली आणि १९८५ मध्ये नैरोबीला तज्ज्ञांची परिषद घेतली. विवेकी वापराची आज सगळीकडे दिली जाणारी व्याख्या तिथली आहे: रुग्णाला त्याच्या आजाराला लागू पडणारं औषध, त्याच्या गरजेच्या मात्रेत, पुरेशा काळासाठी आणि त्याला व समाजाला कमीत कमी खर्चात मिळावं. यातला प्रत्येक भाग मोजता येतो. तो मोजायचा कसा, हे संघटनेने इनरूड या आंतरराष्ट्रीय गटाबरोबर १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत सांगितलं. आपल्याकडे डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सातारा जिल्ह्यात औषधांचा पुरवठा आणि वापर तपासला होता. एक जिल्हा घेऊन तिथल्या चिठ्ठ्या नीट वाचण्याचं काम महाराष्ट्राला नवं नाही.

पायरी १: प्रश्न एकच धरा

उत्साहात सगळंच मोजावंसं वाटतं आणि मग सहा महिन्यांनी अर्धवट भरलेल्या फॉर्मचा गठ्ठा उरतो. आधी एक वाक्य लिहा: "आमच्या ओपीडीत श्वसनमार्गाच्या साध्या संसर्गाला अँटिबायोटिक किती वेळा दिलं जातं?" किंवा "पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबावर काय लिहिलं जातं?" या प्रश्नाभोवती बाकीचे आकडे आपोआप गोळा होतात.

सगळ्या ओपीडीचं एकत्र चित्र हवं असेल तर पाच मूळ निर्देशक घ्या: एका चिठ्ठीवर सरासरी किती औषधं, किती टक्के औषधं जेनेरिक नावाने (कंपनीच्या नव्हे, औषधाच्या मूळ नावाने), किती टक्के चिठ्ठ्यांवर अँटिबायोटिक, किती टक्के चिठ्ठ्यांवर इंजेक्शन आणि किती टक्के औषधं आवश्यक औषधांच्या यादीतली. आपल्या भागासाठी सहावा निर्देशक मी नेहमी जोडते, तो म्हणजे सलाईन. ते इंजेक्शनमध्ये मिसळून टाकलं तर दिसत नाही. "अशक्तपणा आहे, सलाईन लावा" ही मागणी गावोगाव आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. तेवढ्यासाठी मजुरी बुडवून, पैसे मोजून माणूस दोन तास आडवा पडतो. त्याची वेगळी नोंद व्हायलाच हवी.

पायरी २: परवानगी आणि गुप्तता

सरकारी ठिकाणी वैद्यकीय अधिकारी किंवा अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रं असतील तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचीही लागते. कॉलेजमार्फत करत असाल किंवा पुढे छापायचं मनात असेल, तर नैतिकता समितीची मान्यता पहिली चिठ्ठी हातात घेण्याच्या आधी हवी. नंतर मागून ती मिळत नाही.

फॉर्मवर रुग्णाचं नाव, मोबाइल नंबर, आधार काहीही नको. वय, लिंग, आजार आणि एक अनुक्रमांक पुरेसा आहे. डॉक्टरांनाही सांकेतिक अक्षर द्या. कोणतं अक्षर कोणाचं, हे दाखवणारा कागद एकाच व्यक्तीकडे कुलपात राहील. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घ्यायचा असेल तर वरचा नावाचा भाग झाकून घ्या. तो फोटो कोणत्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, अगदी "हे अक्षर कुणाला लागतंय का?" असं विचारायलासुद्धा नाही.

पायरी ३: चिठ्ठ्या कुठून आणि किती

सरकारी दवाखान्यात केसपेपर रुग्ण घरी घेऊन जातो. औषध वाटपाच्या नोंदवहीत बहुधा औषधं सापडतात, पण निदान सापडत नाही. म्हणून दोन मार्ग उरतात. जुन्या नोंदींवरून मागचं वर्ष पाहायचं किंवा औषधाच्या खिडकीजवळ बसून रुग्ण जाताना केसपेपर पाहून उतरवून घ्यायचा. पहिल्या मार्गात माहिती कमी मिळते, पण खरी मिळते. दुसऱ्यात माहिती भरपूर, पण कुणीतरी बघतंय म्हटल्यावर डॉक्टरांचा हात आखडतो. दुसरा मार्ग घेतलात तर सुरुवातीचे काही दिवस नुसतं बसा, उतरवा, आणि ते फॉर्म हिशेबात धरू नका. लोकांना तुमची सवय झाली की चिठ्ठ्या पूर्वीसारख्या होतात.

इथे एक प्रश्न विसरू नका. प्रत्येक रुग्णाला हलक्या आवाजात विचारा, "आणखी कुठली चिठ्ठी दिली का?" केसपेपरवर तीन औषधं आणि खिशात बाहेरून आणायच्या औषधांचा वेगळा चिटोरा, हे अनेक ठिकाणी घडतं. महागडी अँटिबायोटिक्स, टॉनिकं आणि कफ सिरप बरेचदा त्या चिटोऱ्यावर असतात. तो मोजला नाही तर तुमचे आकडे दिसायला सुंदर आणि प्रत्यक्षात खोटे येतील.

खासगी क्षेत्र पाहायचं असेल तर मेडिकल दुकानदाराला विश्वासात घ्यावं लागतं. शेड्यूल एच-१ मधल्या, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या सरकारी यादीतल्या औषधांची वेगळी नोंदवही दुकानदाराने ठेवायची आणि ती तीन वर्षं जपायची असा नियम २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स त्यात येतात. मात्र त्या वहीवरून एकूण चिठ्ठीचं चित्र कळत नाही, त्यामुळे ती पूरक म्हणूनच वापरा.

संख्येबद्दल १९९३ च्या पुस्तिकेचा सल्ला आजही चालतो. एखाद्या भागाचं चित्र हवं असेल तर किमान ६०० रुग्णभेटी, उदाहरणार्थ २० केंद्रं आणि प्रत्येकी ३०. एकाच दवाखान्यासाठी किमान १००. निवड मात्र मर्जीने करायची नाही. वर्षभराच्या ओपीडी रजिस्टरमध्ये २४,००० नोंदी आहेत आणि ६०० हव्या आहेत, तर प्रत्येक चाळिसावी नोंद घ्या. पहिली कोणती, ते १ ते ४० मधला आकडा चिठ्ठी टाकून ठरवा.

ऋतू आणि वार सांभाळा. पावसाळ्यात ताप-जुलाब, हिवाळ्यात खोकला, उन्हाळ्यात ओपीडी वेगळीच. नुसता ऑगस्ट मोजून वर्षाचं विधान करता येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी उसळते, डॉक्टरांना एका रुग्णामागे मिनिटभरही मिळत नाही आणि चिठ्ठी लांबते. तो वार नमुन्यात आला पाहिजे. गरोदर मातांची तपासणी, लसीकरण आणि मधुमेह-रक्तदाबाचा दिवस मात्र वेगळा ठेवा. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार एकत्र असलेल्या माणसाला पाच औषधं योग्यच असू शकतात. ती सर्दी-तापाच्या चिठ्ठ्यांत मिसळली तर सरासरीला अर्थ राहत नाही.

पायरी ४: मोजण्याचे नियम आधी लिहून काढा

बहुतेक अभ्यास इथे घसरतात. दोघांनी तीच चिठ्ठी मोजली आणि एकाला चार, दुसऱ्याला सहा औषधं दिसली, तर पुढचं सगळं व्यर्थ. आपले नियम एका पानावर लिहा आणि शेवटपर्यंत बदलू नका. मी वापरते ते असे:

- एकाच गोळीत दोन-तीन घटक असले तरी ते एक औषध. घटक वेगळ्या रकान्यात लिहायचे.
- मलम, डोळ्याचे थेंब, ओआरएस यांची प्रत्येकी एक औषध म्हणून गणना. बँडेज आणि सिरिंज नाही.
- लस म्हणजे इंजेक्शन नव्हे. ती धरायची नाही.
- डोळ्या-कानाच्या थेंबांतलं आणि मलमातलं अँटिबायोटिक धरायचं की नाही ते आधी ठरवायचं. मी धरते, पण वेगळी खूण करते.
- मेट्रोनिडाझोल अँटिबायोटिकमध्ये धरायचं. जुलाबावर ते इतकं सर्रास दिलं जातं की वगळलं तर खरा प्रश्नच झाकला जातो.
- कॉट्रायमॉक्झाझोल अशा मूळ नावाने लिहिलेलं जेनेरिक, कंपनीच्या नावाने लिहिलेलं ब्रँड. दोन्ही लिहिली असतील तर जेनेरिक.

आवश्यक औषधांची कोणती यादी वापरली तेही लिहा. राष्ट्रीय यादीची २०२२ ची आवृत्ती ३८४ औषधांची आहे. सरकारी दवाखान्यात राज्याची किंवा संस्थेची यादी चालू असेल तर ती धरणं न्याय्य ठरतं, कारण डॉक्टरांच्या हाताशी तीच औषधं असतात.

पायरी ५: एक चिठ्ठी जवळून पाहू

खरा फॉर्म सुरू करण्याआधी वीसेक चिठ्ठ्या सरावासाठी घ्या. सरावात नेहमी भेटते अशा नमुन्याची एक चिठ्ठी इथे उलगडते.

मुलगा, वय तीन. केसपेपरवर "सर्दी, खोकला, दोन दिवस" एवढंच. वजन लिहिलेलं नाही, ताप आहे की नाही ते नाही, श्वासाचा वेग मोजल्याची नोंद नाही. खाली चार औषधं: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिडचं सिरप ब्रँड नावाने, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असलेलं सर्दीचं सिरप ब्रँड नावाने, "सिरप पॅरासिटामॉल ५ मिली" आणि एक मल्टिव्हिटॅमिन, तेही ब्रँडचंच.

आता फॉर्म भरा. औषधं ४. अँटिबायोटिक आहे. इंजेक्शन नाही. जेनेरिक नाव चारपैकी एका औषधाचं. राष्ट्रीय यादीतली दोन, पॅरासिटामॉल आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड.

इथे थांबा. ते अँटिबायोटिक आवश्यक औषधांच्या यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिक्सचे ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह असे तीन गट केले आहेत, त्यात ते ॲक्सेस गटात, म्हणजे पहिल्या पसंतीच्या औषधांत येतं. दोन्ही निर्देशकांवर ही चिठ्ठी पास होते. पण दोन दिवसांची साधी सर्दी विषाणूंमुळे येते आणि त्यावर कोणतंच अँटिबायोटिक लागत नाही. निर्देशकांच्या मर्यादा यातून कळतात. यादीतलं औषध आहे म्हणून ते त्या मुलाला गरजेचं होतं असं होत नाही.

सर्दीच्या सिरपचं पाहा. क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. हा मुलगा तीन वर्षांचा आहे. पाच मूळ निर्देशकांपैकी एकही ही गोष्ट पकडत नाही.

पॅरासिटामॉलचं तर गणितच करा. बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. मुलाचं वजन १२ किलो धरलं आणि किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम हा हिशेब लावला तर एका वेळचा डोस १२० ते १८० मिलिग्रॅम येतो. "५ मिली" लिहिलं आणि आईच्या हाती पहिली बाटली आली तर डोस बरोबर. दुसरी आली तर २५० मिलिग्रॅम, म्हणजे नेमल्यापेक्षा बराच जास्त. त्यात "किती वेळा, किती दिवस" लिहिलेलं नाही. म्हणून फॉर्ममध्ये ताकद, मात्रा, दिवसातून किती वेळा, किती दिवस आणि लहान मुलांत वजन असे पाच रकाने सक्तीचे ठेवा. मला हे रकाने जेनेरिक नावाच्या रकान्यापेक्षा महत्त्वाचे वाटतात, कारण चूक इथे झाली तर ती थेट पोराच्या पोटात जाते.

पायरी ६: आकडे काढणं

एक्सेलमध्ये दोन पानं करा. पहिल्यावर चिठ्ठीला एक ओळ, दुसऱ्यावर औषधाला एक ओळ. दोन्हीत चिठ्ठीचा अनुक्रमांक समान. सगळं एकाच ओळीत कोंबलं की मोजताना गोंधळ होतो.

समजा १०० चिठ्ठ्यांवर मिळून ३१२ औषधं आहेत. सरासरी ३.१२. अँटिबायोटिक ४६ चिठ्ठ्यांवर, म्हणजे ४६ टक्के. इंजेक्शन १८ चिठ्ठ्यांवर, म्हणजे १८ टक्के. जेनेरिक नावाने १८७ औषधं, तर १८७ भागिले ३१२, साधारण ६० टक्के. यादीतली २३४, तर ७५ टक्के. अँटिबायोटिक आणि इंजेक्शनसाठी भाजक चिठ्ठ्यांची संख्या आहे, तर जेनेरिक आणि यादीसाठी औषधांची. या दोन भाजकांची अदलाबदल करण्याची चूक छापील निबंधांतही दिसते.

४६ टक्के हा आकडा फक्त १०० चिठ्ठ्यांवरचा असेल तर खरा आकडा ३६ ते ५६ च्या मध्ये कुठेही असू शकतो. पुढच्या खेपेला ४१ आला म्हणून पेढे वाटू नका. पन्नास टक्क्यांवरून तीसवर आल्याचं खात्रीने सांगायला आधी आणि नंतर साधारण शंभर-शंभर चिठ्ठ्या लागतात. छोटा फरक दाखवायचा असेल तर त्याहून पुष्कळ. एकाच डॉक्टरच्या चिठ्ठ्या एकमेकींसारख्या असतात, हेही लक्षात ठेवा. तीन डॉक्टर असतील तर तिघांचे आकडे वेगळे काढा.

तुलनेसाठी "१.६ ते १.८ औषधं, अँटिबायोटिक २० ते २६.८ टक्के, इंजेक्शन १३.४ ते २४.१ टक्के" हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष म्हणून सगळीकडे छापले जातात. १९९३ च्या पुस्तिकेत असे निकष ठरवून दिलेले नाहीत. हे आकडे पुढे नायजेरियातल्या अभ्यासातून आले. तिथला आजारांचा नमुना गडचिरोलीला किंवा कोल्हापूरला लागू होईलच असं नाही. त्यांना उत्तीर्ण-नापासाची रेषा करू नका. आपल्याच तालुक्यातली इतर केंद्रं आणि आपलंच मागचं वर्ष ही तुलना जास्त खरी असते.

पायरी ७: आजार धरून वाचा

चिठ्ठीवर निदान असेल तर खरी खोली येते. जुलाबाच्या, पाच वर्षांखालच्या मुलांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा. किती जणांना ओआरएस? किती जणांना झिंक? झिंक सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, चौदा दिवस. बरेचदा झिंक लिहिलेलं असतं, पण पाचच दिवस. शौचात रक्त नसताना अँटिबायोटिक किती जणांना? ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलसारख्या जोड्या किती? एवढे प्रश्न विचारले तरी मोठं चित्र उभं राहतं.

अँटिबायोटिकची नावं गटांत टाका. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, सेफालेक्सिन, कॉट्रायमॉक्झाझोल ॲक्सेसमध्ये. ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन वॉचमध्ये, म्हणजे जपून वापरायच्या गटात. लिनेझोलिड, कोलिस्टिन रिझर्व्हमध्ये, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायच्या गटात. ओपीडीत वॉचचा वाटा मोठा दिसला तर तिथे काम आहे. गटांची वाटणी पाहण्याआधी "मुळात गरज होती का" हा प्रश्न मात्र सुटला पाहिजे.

बंदी असलेल्या जोड्याही तपासा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ जोड-औषधांवर बंदी घातली, त्याआधी २०१८ मध्ये ३२८ वर. यादीची प्रिंट जवळ ठेवा.

चिठ्ठी योग्य की अयोग्य हे एकट्याने ठरवू नका. दोन जणांनी, एकमेकांचं न बघता, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक सूत्रं किंवा संस्थेचा स्वतःचा उपचार-आराखडा समोर ठेवून खूण करावी. मतभेद झाले तर तिसऱ्या जाणकाराकडे जा. जिथे केसपेपरवर माहितीच नाही तिथे "ठरवता येत नाही" असं लिहायचं. तो रकाना मोठा निघाला तर तोही निष्कर्षच आहे: नोंदी सुधारायला हव्यात.

पायरी ८: रुग्णाला विचारा, साठा बघा

औषधाच्या खिडकीपासून जरा लांब, गेटपाशी थांबा आणि तीसेक रुग्णांना पुड्या दाखवायला सांगा. "ही कशासाठी? कधी घ्यायची? किती दिवस?" एवढंच. परीक्षा घेतल्यासारखं नको. पुडीवर नाव नाही, सुट्ट्या पांढऱ्या गोळ्या दोन प्रकारच्या, आणि आजी म्हणते, "ही एक-एक, ती अर्धी, का उलटं सांगितलं?" अशा वेळी तिला खिडकीपाशी परत नेऊन फार्मासिस्टकडून समजावून घ्या. अभ्यासाच्या काटेकोरपणात थोडी बाधा आली तरी चालेल, आजीने चुकीची गोळी घेता कामा नये.

मग साठा नोंदवही उघडा. ॲझिथ्रोमायसिन फार लिहिलं गेलं असेल तर त्या आठवड्यांत अमॉक्सिसिलिन शिल्लक होतं का, हे बघा. नसेल तर दोष डॉक्टरच्या लेखणीचा नाही, पुरवठ्याचा आहे, आणि त्याचा उपाय जिल्ह्याच्या कार्यालयात आहे. हे न तपासता केलेला ठपका डॉक्टर आयुष्यभर विसरत नाहीत.

साठ्यावरून वापर मोजताना गोळ्यांची संख्या फसवते. म्हणून प्रमाणित दैनिक मात्रेचा, म्हणजे मोठ्या माणसाच्या सरासरी रोजच्या डोसचा हिशेब करतात. तोंडी अमॉक्सिसिलिनची ती १.५ ग्रॅम, ॲझिथ्रोमायसिनची ०.३ ग्रॅम. अमॉक्सिसिलिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या ३,००० कॅप्सूल म्हणजे १,५०० ग्रॅम, म्हणजे १,००० मात्रा. ॲझिथ्रोमायसिनच्या ५०० च्या फक्त ६०० गोळ्यांतून तेवढ्याच १,००० मात्रा येतात. ही मोजणी मोठ्या माणसांच्या डोसवर बेतलेली आहे, तेव्हा मुलांच्या सिरपांसाठी ती वापरू नका.

पायरी ९: आकडे डॉक्टरांच्या टेबलावर

प्रत्येक डॉक्टरला स्वतःचे आकडे बंद पाकिटात द्या. त्यात त्यांचा आकडा, इतर सगळ्यांचा मिळून आकडा आणि त्यांच्याच दोन-तीन चिठ्ठ्यांच्या प्रती. सर्वांसमोर नावं घ्यायची नाहीत. इंग्लंडमध्ये सर्वांत जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या २० टक्के दवाखान्यांना "तुमच्या भागातले बहुतेक दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात" असं सांगणारी पत्रं गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत प्रमाण ३.३ टक्क्यांनी घटलं. आकडा लहान आहे, पण एका पत्रामुळे.

पत्रापेक्षा बसून बोलण्याचा गुण जास्त, असं माझं मत आहे. इंडोनेशियात डॉक्टर-कर्मचारी आणि रुग्ण यांना छोट्या गटांत समोरासमोर बसवलं. डॉक्टर म्हणत होते की रुग्णच सुई मागतात. रुग्णांनी सांगितलं, आम्हाला बरं व्हायचंय, सुईचा आग्रह नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इंजेक्शनचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून ४२ वर आलं. आपल्याकडे ग्रामसभेत, आशाताईंच्या बैठकीत हे करून पाहायला काय हरकत आहे?

बैठकीत पहिला अर्धा तास ऐका. "दिवसाला दीडशे रुग्ण, समजावायला वेळ कुठे?" "अँटिबायोटिक नाही दिलं आणि न्यूमोनिया निघाला तर?" "मी नाही दिलं तर पोर समोरच्या दवाखान्यात जाईल." या अडचणी खऱ्या आहेत, आणि प्रत्येकीवर वेगळा इलाज लागतो. वेळ नसेल तर सर्दीच्या रुग्णाला द्यायचा छापील मराठी कागद: घरी काय करायचं आणि कोणत्या लक्षणांवर लगेच परत यायचं. न्यूमोनियाची भीती असेल तर मुलाच्या श्वासाचा वेग मोजण्याची सोय आणि सवय. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त असेल तर तो वेगवान श्वास. मोजायला एक मिनिट लागतं, आणि त्या मिनिटात अँटिबायोटिक देण्याचा किंवा न देण्याचा आधार मिळतो.

बैठक संपताना एकच बदल ठरवा, आणि तो डॉक्टरांनी सुचवलेला असू द्या. "साध्या सर्दीला तीन महिने अँटिबायोटिक नाही" किंवा "मुलाचं वजन लिहिल्याशिवाय सिरप नाही" एवढा सोपा.

पायरी १०: पुन्हा मोजा

पहिली मोजणी पावसाळ्यात केली असेल तर दुसरीही पावसाळ्यातच. जुलै आणि मार्चची तुलना करून यश सांगू नका. त्याहून चांगलं म्हणजे दर महिन्याला तीस चिठ्ठ्या काढून एकच आलेख ओपीडीच्या खोलीत लावणं. वर्षभरात बैठकीच्या आधीचे आणि नंतरचे बिंदू दिसतात, आकडा खाली येऊन पुन्हा चढला तर तेही दिसतं. डॉक्टरांच्या बदल्या होतात. नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात तो आलेख दाखवा आणि नमुन्याच्या चार चिठ्ठ्या त्यांच्याबरोबर बसून वाचा.

अहवाल दोन करा. एक दोन पानांचा, दवाखान्यासाठी, मराठीत: काय दिसलं, काय ठरलं, काय बदललं. दुसरा जिल्हा कार्यालयासाठी, ज्यात साठ्याच्या अडचणी तारखांसह असतील: कोणतं औषध कोणत्या आठवड्यात संपलं आणि त्याऐवजी काय लिहावं लागलं. दुसऱ्या अहवालाची पोच सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि पुढच्या मागणीपत्रकाच्या आधी तो पुन्हा एकदा समोर ठेवा.